जुनी निसान लीफ आणि न्यूझीलंडचे लांब रस्ते: नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

निसान लीफ डिसेंबर २०१० मध्ये जपान आणि अमेरिकेत विक्रीला आली. न्यूझीलंडमध्ये ती नवी कोरी फार थोड्या लोकांनी घेतली. इथल्या बहुतेक लीफ जपानमध्ये काही वर्षं वापरून झाल्यावर जहाजातून आलेल्या आहेत. दोन्ही देशांत गाडी डाव्या बाजूने चालते आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं, म्हणून ही आयात सोपी. पुण्या-मुंबईहून ऑकलंड, हॅमिल्टन किंवा वेलिंग्टनला येणाऱ्या अनेकांना स्वस्तात मिळणारी पहिली इलेक्ट्रिक गाडी हीच असते.

अडचण अशी की गाडी जपानसाठी बनलेली आहे. स्क्रीन जपानी, सोबतची केबल जपानी विजेसाठीची, आणि निसानने जपानमध्ये दिलेली बॅटरीची वॉरंटी इथे चालत नाही. त्यात बॅटरी जुनी. म्हणून सगळ्यात आधी एक आकडा मनात पक्का बसवा: आज या गाडीच्या बॅटरीत किती युनिट मावतात. युनिट म्हणजे आपल्या लाइट बिलावरचंच युनिट, एक किलोवॅट-तास. गाडी कोणत्या सालची, किती किलोमीटर चाललेली, रंग कसा, हे सगळं त्यानंतर. किंमत, घरचं चार्जिंग आणि लांबचा प्रवास या तिन्ही गोष्टी याच आकड्यावर ठरतात.

## १. गाडी तुमच्या कामाची आहे का, ते ठरवा

रोजचं जाणं-येणं ६० किमीच्या आत असेल आणि रात्री गाडी जिथे उभी राहते तिथे वीज मिळत असेल, तर २४ युनिटची जुनी लीफ उत्तम. रोज १०० किमी हायवे असेल, तर ३० किंवा ४० युनिटची बघा. भाड्याच्या घरात रस्त्यावर गाडी लावावी लागत असेल आणि ऑफिसातही चार्जिंग नसेल, तर घेऊ नका. केवळ फास्ट चार्जरवर जुनी लीफ सांभाळणं महाग पडतं, वेळखाऊ होतं, आणि बॅटरीलाही त्रास होतो.

## २. समोर उभी आहे ती नेमकी कोणती लीफ, ते ओळखा

विकणारा साल सांगतो, पण ते नोंदणीचं साल असतं. गाडीच्या कागदावरचा मॉडेल कोड बघा.

झेडई०: पहिली आवृत्ती, साधारण २०१२ अखेरपर्यंतची. डिकी उघडली की मागच्या सीटच्या पाठीमागे मोठा उंचवटा दिसतो. आतला चार्जर तिथे आहे. डॅशबोर्डवर बॅटरीची टक्केवारी दिसत नाही. हीटर बरीच वीज खातो, हीट पंप (कमी विजेत गाडी गरम करणारी यंत्रणा) नाही. बॅटरीची झीज याच आवृत्तीत सर्वांत जास्त दिसते.

एझेडई०: त्यानंतरची, २०१७ पर्यंतची. चार्जर पुढे बॉनेटखाली गेला, डिकी सपाट आणि मोठी झाली, टक्केवारी दिसू लागली. हीट पंप असतो, पण सर्वांत खालच्या एस आवृत्तीत तो गृहीत धरू नका. या पिढीत सुरुवातीला २४ युनिटची बॅटरी होती, २०१५ च्या अखेरीपासून ३० युनिटचीही मिळू लागली.

झेडई१: २०१७ च्या ऑक्टोबरपासूनची, नव्या रूपाची, ४० युनिट.

माझं मत विचाराल तर झेडई० फक्त शहरातल्या कामासाठी घ्या, तीही किंमत खरंच कमी असेल तर. लांब जायचा थोडा जरी विचार असेल, तर एझेडई० पासून सुरुवात करा.

## ३. बॅटरी तपासा, आणि घाई करू नका

डॅशबोर्डवर उजवीकडे दोन प्रकारचे बार असतात. रुंद बार म्हणजे आत्ताचं चार्जिंग. त्यांच्या अगदी कडेला जे बारीक बार आहेत, ते बॅटरीची उरलेली क्षमता सांगतात. नवखा माणूस रुंद बार मोजून समाधान मानतो. तुम्ही बारीक मोजा. नव्या गाडीला ते १२ असतात. पहिला बार सुमारे १५ टक्के क्षमता गेल्यावर नाहीसा होतो, त्यानंतरचा प्रत्येक सुमारे सव्वासहा टक्क्यांनी. म्हणजे १० बार दिसत असतील तर क्षमता साधारण ७३ ते ७९ टक्क्यांच्या मध्ये आहे, ९ असतील तर ६६ ते ७२ च्या.

पण बारवर थांबू नका. ते खोटे दाखवता येतात. बॅटरीचा हिशेब ठेवणारा संगणक रीसेट केला की जुन्या बॅटरीवरही १२ बार उभे राहतात आणि काही आठवडे वापरल्यावर एकेक गळू लागतात. २०११ ची झेडई०, भरपूर चाललेली आणि १२ बार, असं दिसलं तर बॅटरी बदलल्याचा कागद मागा. कागद नसेल तर निघून या.

खऱ्या तपासणीला दोन गोष्टी लागतात: लीफ स्पाय हे ॲप, आणि स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसून गाडीच्या संगणकातली माहिती फोनला देणारं ओबीडी डोंगल. आयफोन असेल तर त्याच्याशी जुळणारं डोंगल घ्या, साधं ब्लूटूथवालं चालत नाही. अगदी स्वस्त नकली डोंगलची जोडणी वारंवार तुटते. गाडी बघायला जाण्याआधी दुसऱ्या कोणाच्या लीफवर एकदा जोडून बघा.

ॲपमध्ये काय बघायचं:

- एसओएच: क्षमता किती टक्के उरली. २४ युनिटच्या नव्या बॅटरीतून प्रत्यक्षात सुमारे २१ युनिट वापरता येतात. एसओएच ७६ असेल तर २१ गुणिले ०.७६, म्हणजे १६ युनिट. एसओएच ६५ असेल तर साडेतेराच. हा गुणाकार तिथेच उभ्या उभ्या करा.
- सेलमधला फरक: बॅटरीत ९६ सेल-जोड्या एकामागोमाग जोडलेल्या आहेत, आणि ॲप त्या सगळ्यांचे ९६ उभे दांडे दाखवतं. चार्ज भरपूर असताना जवळजवळ सगळे एका उंचीत दिसतात, त्यामुळे तेव्हा काही कळत नाही. चार्ज २० ते ३० टक्क्यांवर आला असताना, चढावर ॲक्सिलरेटर दाबून बघा. सगळे दांडे एकत्र खाली आले तर ठीक. एखादाच दांडा इतरांपेक्षा स्पष्टपणे खाली बुडत असेल, तर ती जोडी कमकुवत आहे आणि तीच तुम्हाला रस्त्यात थांबवणार. बाकीच्या ९५ चांगल्या असून उपयोग नाही, कारण गाडी सर्वांत दुबळ्या जोडीकडे बघून वीज तोडते.
- फास्ट चार्जिंग किती वेळा झालं: हा आकडा मोठा असला म्हणून गाडी लगेच नाकारू नका, एसओएच आणि सेल ठीक असतील तर चालेल.

रीसेटचा संशय असेल तर गाडीला न विचारता मोजण्याचा मार्ग आहे. बॅटरी ३० टक्क्यांवर असताना सार्वजनिक फास्ट चार्जरला लावा आणि ८० पर्यंत भरा. चार्जरच्या स्क्रीनवर किती युनिट गेले ते दिसतं. ५० टक्क्यांना ८ युनिट गेले, म्हणजे पूर्ण बॅटरी १६ च्या आसपास, थोडी घट धरून त्याहून किंचित कमी. दुसरा मार्ग: सपाट हायवेवर ९० च्या वेगाने ३० किमी चालवा. एवढ्याला साधारण साडेचार युनिट लागतात. टक्केवारी २८-२९ ने उतरली तर पुन्हा १६. तीन मार्गांनी आकडा जवळजवळ एकच आला, तर निर्धास्त व्हा.

३० युनिटच्या गाड्यांबद्दल एक खास गोष्ट. २०१८ मध्ये न्यूझीलंडमधल्या फ्लिप द फ्लीट या प्रकल्पाने इथल्या गाड्यांची माहिती गोळा करून दाखवलं, की ३० युनिटच्या लीफचा एसओएच २४ युनिटच्या गाड्यांपेक्षा फार वेगाने घसरतोय. त्यानंतर निसानने सांगितलं की क्षमता मोजणारं सॉफ्टवेअर चुकीचा आकडा दाखवतंय, आणि त्यासाठी अपडेट काढलं. जपानहून नंतर आलेल्या गाड्यांमध्ये ते झालेलं असेलच असं नाही. ३० युनिटच्या गाडीचा आकडा वाईट दिसला तर अपडेट झालंय का हे विचारा. झालं नसेल तर वर सांगितलेली चार्जरची मोजणी जास्त विश्वासाची.

बॅटरीशिवाय दोन गोष्टी बघा. जपानच्या बर्फाळ भागातल्या गाड्यांना खालून गंज असतो, तेव्हा वाकून टॉर्चने बघाच. आणि पुढची १२ व्होल्टची साधी बॅटरी किती जुनी आहे ते विचारा. ती कमकुवत झाली की डॅशबोर्डवर भलतेसलते इशारे पेटतात, गाडी सुरू होत नाही, आणि मालकाला वाटतं मोठी बॅटरी गेली. लीफ अडकून पडण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे, आणि उपाय स्वस्त आहे.

## ४. व्यवहार आणि कागद

इथे आरटीओत खेपा घालाव्या लागत नाहीत. मालकी बदलाची नोंद ऑनलाइन किंवा एए, व्हीटीएनझेड अशा एजंटांकडे होते, पण विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनीही आपापली नोंद करायची असते. समोरच्यावर सोडून देऊ नका.

सोबत हे असू द्या:

- न्यूझीलंडचं किंवा चालू असलेलं भारतातलं ड्रायव्हिंग लायसन्स
- वॉरंट ऑफ फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित असल्याचं तपासणी प्रमाणपत्र): ताबा घेताना एका महिन्यापेक्षा जुनं नसावं. "जशी आहे तशी" असं लिहून विकत असेल तर हा नियम टळतो, म्हणून त्या ओळीकडे लक्ष ठेवा
- कारजॅम या वेबसाइटवरचा गाडीचा अहवाल आणि पीपीएसआर या कर्जतारणाच्या सरकारी नोंदवहीतली चौकशी: गाडीवर कर्ज थकलेलं नाही ना. गाडी कोणाच्या नावावर नोंदली आहे, हा इथे मालकीचा पुरावा धरत नाहीत
- डीलरकडून घेत असाल तर गाडीवर लावलेली ग्राहक माहितीची नोटीस, आणि मिळाली तर जपानच्या लिलावाची शीट
- लीफ स्पायचे स्क्रीनशॉट, तारखेसकट

डीलरकडून घेतलेल्या गाडीला ग्राहक हमी कायदा लागू होतो आणि वाद झाला तर मोटार वाहन विवाद लवादाकडे जाता येतं. खाजगी माणसाकडून घेतली तर हे संरक्षण नाही. म्हणून खाजगी व्यवहारात तिसरी पायरी दुप्पट काळजीने करा.

आरयूसी विसरू नका. १ एप्रिल २०२४ पासून इलेक्ट्रिक गाड्यांना रस्ता वापरण्याचं हे शुल्क लागू झालं. त्या वेळी ठरलेला दर १,००० किमीला ७६ डॉलर, म्हणजे १०० किमीला ७ डॉलर ६० सेंट. वर थोडं प्रशासकीय शुल्क. ते आगाऊ भरायचं आणि पुढच्या काचेवर लेबल लावायचं. गाडी घेताना लेबलवरचा शेवटचा आकडा ओडोमीटरशी ताडून बघा. ओडोमीटर पुढे गेला असेल तर थकबाकी आहे. ती पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून भरून घ्या.

आणि विमा. भारतात थर्ड पार्टी विमा सक्तीचा, इथे नाही. विमा नसलेली गाडी रस्त्यावर चालते, म्हणून अनेक नवे लोक तो घेतच नाहीत. दुसऱ्याच्या महागड्या गाडीला धक्का लागला तर भरपाई तुमच्या खिशातून जाते. निदान थर्ड पार्टी तरी पहिल्याच दिवशी घ्या.

## ५. घरचं चार्जिंग

व्होल्टेज आपल्याकडच्यासारखंच, २३०. पण घरातला साधा सॉकेट १० अँपिअरचा आहे. गीझर-एसीला लावतो तो आपला १५ अँपिअरचा पॉवर पॉइंट डोळ्यांसमोर ठेवून इथल्या सॉकेटवर भार टाकू नका. गाडीसोबत आलेली जपानी केबल इथला प्लग बसवून किंवा अडॅप्टर लावून वापरायची नाही. ती इथल्या नियमात बसत नाही आणि आगीचा धोका खरा आहे. न्यूझीलंडमध्ये मान्य असलेला ८ अँपिअरचा सुटा चार्जर घ्या, गाडीला लावायच्या टोकाला टाइप १, म्हणजे लीफच्या मंद चार्जिंगचा प्लग असलेला.

८ अँपिअर म्हणजे सुमारे १.८ किलोवॅट. वाटेत थोडी घट होऊन बॅटरीत तासाला दीड-पावणेदोन युनिट पडतात, म्हणजे १६ युनिटची बॅटरी रिकामी ते पूर्ण साधारण दहा तासांत. रात्री नऊला लावली की सकाळी सातला तयार. बहुतेकांना एवढं पुरतं, वॉलबॉक्सची (भिंतीवर बसवायच्या चार्जरची) गरज पडत नाही. बसवायचाच असेल तर नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडून बसवा, प्रमाणपत्र घ्या, आणि घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी परवानगी. जुन्या लीफचा आतला चार्जर बहुधा ३.३ किलोवॅटचाच असतो, तेव्हा त्याहून मोठा वॉलबॉक्स घेऊन गाडी जास्त वेगाने भरणार नाही.

पहिल्या रात्री चार्जिंग लावून अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेवता येत नाही इतका गरम असेल तर लगेच बंद करा. सॉकेट सैल आहे. एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नका, गुंडाळलेली वायर तर मुळीच नाही.

प्लग लावला, दिवा लागून विझला, आणि सकाळी गाडी रिकामीच? बहुतेक वेळा जपानी मालकाने लावून ठेवलेला चार्जिंगचा टायमर चालू असतो. डॅशबोर्डच्या खालच्या भागात टायमर तात्पुरता रद्द करण्याचं बटन आहे. ते दाबून चार्जिंग सुरू होतं. कायमचा काढायला मेनूत जावं लागतं, आणि तिथे फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करणारं ॲप कामी येतं. त्या मेनूतल्या प्रत्येक पानाचा फोटो भाषांतरासकट फोनमध्ये ठेवून द्या.

नेव्हिगेशनमध्ये नकाशा जपानचाच राहतो, तो सोडून द्या. रेडिओ जपानच्या ७६ ते ९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला असतो, म्हणून इथली बरीच स्टेशनं लागत नाहीत. बँड एक्स्पांडर नावाची छोटी डबी बसवली की लागतात.

## ६. बाहेरच्या चार्जिंगची तयारी

लीफच्या नाकावर झाकण उघडलं की दोन सॉकेट दिसतात. मोठा चाडेमो, फास्ट चार्जिंगसाठी. छोटा टाइप १, मंद चार्जिंगसाठी. नव्या गाड्या सीसीएस या दुसऱ्या प्रकारच्या फास्ट चार्जिंग प्लगवर गेल्या आहेत, त्यामुळे नव्या चार्जिंग स्टेशनवर चाडेमोची केबल कमी असते, कधी नसतेच. नकाशावर चार्जरचं चिन्ह दिसलं म्हणून जाऊ नका. त्यावर बोट ठेवून चाडेमो आहे का आणि किती हे वाचा.

निघण्याआधी:

- चार्जनेट या फास्ट चार्जर चालवणाऱ्या कंपनीचं खातं उघडा, कार्ड जोडा, आणि ॲपसोबत त्यांची किल्लीला अडकवायची फॉबही घ्या. डोंगराळ भागात मोबाइलची रेंज जाते तेव्हा फॉबच चालते.
- प्लगशेअर ॲपमध्ये गाडी लीफ अशी नोंदवा आणि प्रत्येक चार्जरखालच्या ताज्या नोंदी वाचा. काल कोणाचं चार्जिंग झालं, की कोणी परत गेलं, हे तिथे कळतं.
- टाइप २ ते टाइप १ केबल गाडीत ठेवा. अनेक मंद चार्जरना स्वतःची केबल नसते, नुसता टाइप २ सॉकेट असतो.
- कॅम्पग्राउंडवर मुक्काम करायचा असेल तर निळ्या गोल प्लगचा, कॅरव्हॅनच्या सॉकेटला बसणारा १६ अँपिअरचा सुटा चार्जर. रात्रभरात बॅटरी आरामात पूर्ण भरते. मात्र बुकिंग करतानाच गाडी चार्ज करणार असल्याचं सांगा; काही जण वेगळे पैसे घेतात, काही परवानगी देत नाहीत.

चाडेमोचा प्लग जड असतो. गाडी पी मध्ये, बंद. प्लग सरळ रेषेत आत ढकला, खटका बसू द्या. चार्जर आणि गाडी एकमेकांशी बोलत असताना पहिली काही सेकंदं केबलचं वजन हाताने उचलून धरा. प्लग खाली लोंबकळला तर संपर्क नीट होत नाही आणि चार्जर चूक दाखवतो. काढताना आधी स्क्रीनवरून थांबवा, खटका सुटल्याचा आवाज ऐका, मग ओढा. लाल आपत्कालीन बटन फक्त खऱ्या धोक्यासाठी. ते दाबलं की पुढच्या माणसाला चार्जर बंद मिळू शकतो.

२४ युनिटची लीफ चांगल्या स्थितीत सुरुवातीला ४० किलोवॅटच्या वर वीज घेते, पण अर्धी भरल्यावर वेग उतरू लागतो आणि ८० टक्क्यांनंतर अगदी मंद होतो. मिनिटाप्रमाणे पैसे आकारणाऱ्या ठिकाणी शेवटचे २० टक्के सर्वांत महाग पडतात. मागे कोणी थांबलं असेल तर ८० ला निघा. अपवाद एकच, आणि तो पुढच्या पायरीत.

## ७. टप्पा आखा: डेझर्ट रोडचं उदाहरण

गाडी दाखवते त्या किलोमीटरच्या अंदाजावर टप्पा आखू नका. तो आकडा मागच्या काही किलोमीटरवरून काढलेला असतो; उतारावरून आलात तर फुगतो, चढ लागला की कोसळतो. युनिटचा हिशेब कागदावर करा:

- सपाट रस्ता, १०० चा वेग: एका युनिटला सुमारे ६ किमी
- ९० चा वेग: सुमारे ६.८ किमी
- ८० चा वेग: सुमारे ७.५ किमी
- चढ: दर १०० मीटर उंचीला अर्धं युनिट जास्त
- उतार: दर १०० मीटरला सुमारे ०.३ युनिट परत
- पाऊस, समोरचा वारा, हीटर: सपाटीच्या हिशेबात १५ टक्के वाढवा
- तळाशी निदान ३ युनिट राखून ठेवा

आता ऑकलंडहून वेलिंग्टनला जाताना स्टेट हायवे १ वरचा सर्वांत अवघड तुकडा घ्या: तुरांगी ते वायूरू, ६३ किमी, म्हणजेच डेझर्ट रोड. तुरांगी ताउपो तळ्याच्या काठाजवळ, सुमारे ३६० मीटरवर. रस्ता १,०७४ मीटरपर्यंत चढतो, मग वायूरूला ८०० च्या आसपास उतरतो. चढ ७१४ मीटरचा. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना जेवढी उंची गाठतो त्याहून अधिक, फक्त इथे तो घाटासारखा एकदम अंगावर न येता लांबवर पसरलेला आहे, म्हणून चढतोय हे लक्षात येत नाही.

९० च्या वेगाने सपाटीचे ९.३ युनिट. चढाचे ३.५. उताराने परत ०.८. एकूण १२. पाऊस-वारा असेल तर साडेतेरा.

गाडीत १६ युनिट मावतात, आणि तुम्ही तुरांगीत शहाण्यासारखं ८० टक्क्यांवर थांबलात, तर हातात १२.८ युनिट. चांगल्या हवेत वायूरूला पोचताना १ युनिटही उरत नाही; वाऱ्यात पोचतच नाही. म्हणजे इथे ८० ला निघायचं नाही. ९५ टक्के करा, १५.२ युनिट घेऊन निघा. वेळ जास्त जातो, पण हा रस्ता ओसाड आहे, मधे काही नाही. सर्वांत चांगलं म्हणजे तुरांगीतच मुक्काम करून, रात्रभर मंद चार्जिंगने १०० टक्के करून सकाळी निघणं. वायूरूचा चार्जर चालू आहे का ते तुरांगीतून निघण्याआधीच बघा. पुढे तायहापे ३० किमी, पण तो रस्ता उताराचा. चार युनिटच्या आसपास लागतात, म्हणजे वायूरूत काहीच मिळालं नाही तर साधं १६ युनिटचं गणित जमत नाही. हिवाळ्यात बर्फामुळे डेझर्ट रोड बंद होतो, तेही सकाळी तपासा.

तोच रस्ता उलट दिशेने, वायूरू ते तुरांगी, साडेआठ-नऊ युनिटमध्ये होतो. येताना आरामात आलो म्हणून जाताना जाऊ, असं गृहीत धरून लोक इथेच फसतात.

ऑकलंड ते वेलिंग्टन साधारण ६४० किमी. १६ युनिटच्या गाडीला नऊ-दहा वेळा थांबावं लागतं. एका दिवसात चौदा तास लागतील. दोन दिवस धरा. दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर फॉक्स ग्लेशियर ते हास्ट सुमारे १२० किमी आहे, मधे जवळजवळ वस्ती नाही. १६ युनिटची गाडी घेऊन तिकडे जाऊ नका. ४० युनिटची चांगली गाडी असेल तर जरूर जा, तो रस्ता फार सुंदर आहे.

## ८. प्रवासाच्या दिवशी

लीफच्या बॅटरीला थंड ठेवणारी यंत्रणा नाही. एका दिवसात तीन-चार फास्ट चार्ज झाले की तापमानाचा काटा चढत जातो. लाल भागाजवळ आला तर गाडी स्वतःच वीज कमी घेते आणि चार्जिंग लांबतं. उन्हाळ्यात दुपारचं जेवण लांबवा, सावलीत उभी करा, वेग ९० च्या खाली ठेवा.

थंडीत गाडी प्लगला असतानाच आतून गरम करून घ्या. वाटेत हीटरऐवजी सीट गरम करण्याचं बटन वापरा. हीटरपेक्षा फारच कमी वीज लागते. झेडई० मध्ये हा फरक एखादा टप्पा पार होण्या-न होण्याइतका मोठा असतो.

इथे अवजड ट्रकना ९० ची मर्यादा आहे. पुरेसं अंतर ठेवून ट्रकच्या मागे चाललात तर वेग आपोआप काबूत राहतो आणि मागच्यांचा दबाव येत नाही. एकटे असाल तर हळू वाहनांसाठीच्या जागेत बाजूला होऊन मागच्यांना जाऊ द्या.

टायरमध्ये हवा निदान ३६ पीएसआय. लीफमध्ये स्टेपनी नसते, फक्त पंप आणि पंक्चर भरण्याचं द्रव्य. त्या बाटलीची मुदत बघून ठेवा. कच्च्या खडीच्या रस्त्यावर जायचं असेल तर हे आधी.

## ९. बॅटरी संपत आली तर

पहिला इशारा पेटतो तेव्हा साधारण ३ ते साडेतीन युनिट उरलेले असतात. वेग ७० वर आणा, हीटर बंद करा. दुसऱ्या इशाऱ्याला किलोमीटरचा आकडा जाऊन तीन रेघा दिसतात. आता सपाटीवर हळू चालवून आठ-दहा किमी. त्यानंतर कासवाचं चिन्ह येतं, गाडीची ताकद तुटते. कासव दिसलं की पुढची सुरक्षित मोकळी जागा दिसेल तिथेच बाजूला घ्या, वळणावर किंवा पुलावर अडकू नका.

कोणाला दोरीने ओढायला सांगू नका. पुढची चाकं मोटरला जोडलेली आहेत. ती जमिनीवर फिरवत ओढली तर मोटरचं नुकसान होतं. रोडसर्व्हिसला फोन करताना पहिल्याच वाक्यात सांगा: गाडी इलेक्ट्रिक आहे, सपाट ट्रक पाठवा, आणि सर्वांत जवळच्या चाडेमो चार्जरला सोडा. त्या चार्जरचं नाव आणि पत्ता आधीच लिहून ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवा, कारण रेंज नसलेल्या ठिकाणाहून एखाद्या शेतघराच्या फोनवरून बोलताना नकाशा उघडता येत नाही.